दोघं आत, एक बाहेर

बदकांना मोजता येत नाही, हे वहिनींना त्यांच्या नवऱ्याने साठीच्या उंबरठ्यावर सांगितलं. तोवर बदकांशी त्यांचा आयुष्यात काही संबंध आला नव्हता, त्यामुळे "बरं मग?" एवढंच त्या म्हणाल्या.

"बरं मग काय? तुला माझ्याबरोबर यावं लागेल."

मग नवऱ्याने, म्हणजे गावातले सगळे ज्यांना नुसतं फोटोवाले म्हणत त्यांनी, जेवणाच्या टेबलावर मिठाची बरणी, चमचा आणि चष्म्याचं घर मांडून समजावलं. चष्म्याचं घर म्हणजे पाणथळीच्या काठावरचं लपण. फळ्यांची खोली, वरून लव्हाळ्याच्या पेंढ्या बांधलेल्या, आत दोन माणसं जेमतेम गुडघ्याला गुडघा लावून बसतील एवढी जागा, आणि पाण्याच्या बाजूला तीन चौकोनी खिडक्या. मीठ म्हणजे फोटोवाले, चमचा म्हणजे वहिनी. एकटं मीठ आत गेलं, तर पाण्यावरची रानबदकं ते बघून ठेवतात आणि ते बाहेर येईपर्यंत जवळ फिरकत नाहीत. पण मीठ आणि चमचा मिळून आत गेले आणि थोड्या वेळाने एकटा चमचा बाहेर पडून निघून गेला, तर बदकांना वाटतं, आलं होतं ते गेलं. मग ती निर्धास्त होतात आणि लपणासमोर येऊन चरायला लागतात.

"म्हणजे मी यायचं आणि लगेच परत जायचं," वहिनी म्हणाल्या.

"हो."

"बदकं बघायची नाहीत."

"तू थांबलीस तर बदकं येणारच नाहीत."

"आणि हे पहाटे पाचला निघून."

"साडेचारला," फोटोवाले म्हणाले. खोटं बोलायची सवय त्यांना नव्हती.

वहिनींनी मिठाची बरणी उचलून जागेवर ठेवली. "पण ही फसवणूक झाली ना?"

"बदकांची."

"देवाला बदकं काय नि माणसं काय."

फोटोवाल्यांनी चष्म्याचं घर उचलून खिशात घातलं. वहिनींनी तो प्रश्न ज्याचा त्याच्याकडे नेला. देवापुढे बसल्यावर त्यांनी सगळं रीतसर सांगितलं, की आत बंदूक नाही, कॅमेरा आहे, कुणाचं पीसही वाकडं होणार नाही, आणि हा माणूस सहा महिने घरात बसून झुरतोय. समोरून नकार आला नाही. दुसऱ्या दिवशी साडेचारला त्या कोट घालून दारात उभ्या होत्या.

तसं पाहिलं तर दोघांच्या संसारात कामाची वाटणी पहिल्यापासून अशीच होती. चौकात शिंप्याचं दुकान आणि औषधाचं दुकान यांच्या मध्ये त्यांचा स्टुडिओ होता. बत्तीस वर्षं. कॅमेऱ्याच्या मागचं सगळं फोटोवाल्यांचं आणि पुढचं सगळं वहिनींचं. अर्जावर चिकटवायला फोटो हवा म्हणून आलेल्या पोरांचे भांग पाडायचे, मुलाखतीला निघालेल्यांच्या कॉलरी सरळ करायच्या, रडकं मूल बाकावर बसवून त्याचं नाक पुसायचं, आणि म्हाताऱ्या जोडप्याला "सरका की जरा जवळ, आता कोण काय म्हणणार आहे तुम्हाला?" असं म्हणून हसवायचं. मागचा पडदाही त्यांच्याच हातचा. त्यावर निळा तलाव होता आणि तलावात पाच पांढरे पक्षी. त्यांना कुणी हंस म्हणे, कुणी बगळे, आणि शिंपी त्यांना रुमाल म्हणे. बटण मात्र वहिनींनी बत्तीस वर्षांत एकदाही दाबलं नाही. कुणी अडवलं होतं असं नाही. तशी वेळ आली नाही, इतकंच.

पुढे ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेरा आला. स्टुडिओ बंद केला त्या दिवशी फोटोवाल्यांनी कुलूप लावलं, वहिनींनी ते दोनदा ओढून बघितलं, आणि दोघं पायी घरी आले. त्यानंतर फोटोवाले घरात असे वावरत, जणू पाहुणे म्हणून आलेत आणि परतीची गाडी मिळत नाहीये. दूरदेशी असलेल्या लेकीने फोनवर सांगितलं, "आई, बाबांना कुठेतरी बाहेर काढ. नाहीतर तुलाच वेड लागेल." बाहेर म्हणजे कुठे, तर पहिल्या बसने अर्ध्या तासावर पाणथळीचं अभयारण्य होतं. हिवाळ्यात तिथे लांबून बदकं येत. फोटोवाले एकदा गेले आणि परत आले ते मिठाची बरणी मागतच.

लपणासमोर बदकं उतरावीत म्हणून त्यांनी स्टुडिओतला मुलांना बसवायचा बाक मोडून त्याची पाच लाकडी बदकं कोरली. पाण्यावर आपल्यासारखीच कुणी बसलेली दिसली, की वरून जाणाऱ्यांना खाली यावंसं वाटतं. रंगवली वहिनींनी. तपकिरी डोकं, मानेवरून उतरणारी पांढरी रेघ, आणि शेपटीला लांब काळं टोक. खरं तलवार बदक असंच असतं, शेपटीच्या त्या टोकावरूनच त्याला ते नाव पडलंय. डोळे त्यांनी काडेपेटीच्या काडीने काढले. शेपटीचं लाकूड मात्र सारखं मोडायचं. मग वहिनींनी स्वेटर विणायच्या जुन्या सुया आणल्या, प्रत्येक बदकाच्या मागे एकेक टोकाकडून ठोकून बसवली आणि वर काळा रंग दिला. सुई नऊ नंबरची होती. तो आकडा तिच्या चपट्या बोंडावर कोरलेला असतो.

"बदकांना वाचताही येत नाही ना?" त्यांनी विचारलं होतं.

"नाही," फोटोवाले म्हणाले. "तेवढं बरं आहे."

असे अकरा हिवाळे गेले. नेम ठरलेला. अंधारात दोघं बांधावरून लपणात जायचे. आत गेल्यावर फोटोवाले कॅमेरा लावेपर्यंत वहिनी त्यांच्या शेजारी बसायच्या. फटफटायला लागलं की एकट्या बाहेर पडायच्या. बांधावरून परतण्याचे नियम फोटोवाल्यांनी घालून दिले होते. घाई करायची नाही, मध्ये थांबायचं नाही, आणि काही झालं तरी मागे वळून बघायचं नाही. "पक्ष्याला चेहरा कळतो," ते म्हणायचे. "पाठ दिसली की तो निर्धास्त होतो."

वहिनींची सकाळची प्रार्थना म्हणून व्हायला जेवढा वेळ लागे, तेवढाच तो बांध होता. लपणाच्या दारात पहिला शब्द, आणि राखणदाराच्या खोलीच्या पायरीवर शेवटचा. पन्नाशीतला राखणदार आत शेगडी पेटवून बसलेला असायचा.

"आलात का वहिनी फसवून?"

"आले, भाऊ."

"एवढा मोठा कारभार, आणि दिशाभूल खातं एकट्या तुमच्या अंगावर. दादा नुसते बसून."

दहा वाजेपर्यंत वहिनी तिथे विणत बसायच्या आणि मग नवऱ्याला आणायला जायच्या. त्या दिसल्या की बदकं उठायची. त्यामुळे अकरा वर्षांत त्यांनी खरी बदकं पाहिली ती फक्त उडून जाणारी. बाकीची घरी, संगणकाच्या पडद्यावर. दर हिवाळ्याच्या शेवटच्या रविवारी फोटोवाल्यांचा एक फोटो अभयारण्याच्या माहिती कक्षात लागायचा. भिंतीवर अकरा होते.

पडद्यावर रोजचा पहिला फोटो मात्र बदकाचा नसायचा. बांध, आणि त्यावरून जाणारी एक कोटातली पाठ.

"हे काय, रोज माझी पाठ?"

"उजेड तपासतो."

"जगाचे चेहरे काढलेत आणि बायकोची पाठ."

"चेहरा घरी दिसतो की," फोटोवाले म्हणायचे.

बाराव्या हिवाळ्यात काहीतरी बिनसलं होतं. वहिनींच्या ते ध्यानात येत होतं, पण एकेक करून आलं, त्यामुळे त्याची मोळी बांधली गेली नाही. फोटोवाल्यांनी पेपर वाचणं सोडलं. "बातम्या सगळ्या त्याच," म्हणाले. बोलताना ते वहिनींच्या कानाकडे बघू लागले. "माझ्या कानात काय अडकलंय?" त्या एकदा म्हणाल्या, तर ते चपापले आणि खिडकीकडे बघायला लागले. संध्याकाळी फोटो बघायचं कामही त्यांनी वहिनींवर सोपवलं. चष्म्याचा नंबर बदललाय, नवा येईपर्यंत तूच बघ आणि सांग. वहिनी बघायच्या आणि सांगायच्या. हा हललाय. याचं डोकं कापलं गेलंय. हा बरा आहे, पण पाणी फार पांढरं दिसतंय. बत्तीस वर्षं कॅमेऱ्यापुढे उभं राहून त्यांना एवढं कळत होतं, आणि होतं ते सांगायला त्या कधी कचरल्या नाहीत.

रोजच्या पहिल्या फोटोत यंदा पाठ नव्हती. नुसता बांध. कधी बांधही अर्धाच.

"माझी पाठ आवडेनाशी झाली वाटतं," वहिनी हसत म्हणाल्या. फोटोवाले हसले नाहीत.

शेवटच्या रविवारच्या नऊ दिवस आधी, शुक्रवारी, वहिनी दहा वाजता आणायला गेल्या तेव्हा फोटोवाले लपणाबाहेर येऊन उभेच होते. त्यांचा चेहरा उजळला होता.

"आज काय झालं माहितीये? पाच तलवार बदकं. अगदी मधल्या खिडकीसमोर. तासभर. जागची हलली नाहीत गं. वाऱ्याने जराशी डुलायची, तेवढंच. स्टुडिओत बसवल्यासारखी बसली होती. एवढी गुणी बदकं जन्मात पाहिली नाहीत मी. रविवारचा फोटो झाला. तू फक्त निवड."

बसमध्ये ते सगळ्या वाटभर बोलत होते. घरी येऊन हातपाय धुऊन वहिनी संगणकापुढे बसल्या. फोटोवाले शेजारी खुर्ची ओढून बसले, हात मांडीवर, निकाल ऐकायला आलेल्या पोरासारखे.

पहिला फोटो उघडला. बदक मोठं, ठसठशीत, पाण्यात सावलीसुद्धा स्वच्छ. वहिनी पुढे वाकल्या. मानेवरची पांढरी रेघ मध्येच जराशी जाड झालेली होती. तिथे ब्रश टेकल्याचं त्यांना आठवत होतं. डोळा काडेपेटीच्या काडीचा. आणि मागे शेपटीच्या टोकाला, रंग उडालेल्या चपट्या बोंडावर, उन्हात चमकणारा नऊचा आकडा.

लाकडी बदकं दर वर्षी डावीकडे, लव्हाळ्यापाशी दोरीने बांधलेली असत. रात्रीच्या वाऱ्यात दोरी सुटली असणार आणि ती वाहत मधल्या खिडकीसमोर येऊन अडकली असणार. पण ज्या माणसाने ती स्वतः कोरली, त्याने तासभर त्यांच्याकडे बघावं आणि ओळखू नये? कॅमेरा आपलं आपण सगळं स्पष्ट करतो. तो बिचारा कशाचा फोटो काढतोय ते थोडंच विचारतो. चारशे बारा फोटो होते. वहिनी एकेक पुढे सरकवत राहिल्या. त्यांच्या डोक्यात हिवाळाभरातली सगळी मोळी एका झटक्यात बांधली गेली. पेपर, कान, अर्धा बांध.

"कसे आलेत?" फोटोवाल्यांनी विचारलं.

वहिनींच्या तोंडून शब्द गेला तो त्यांना स्वतःलाच परका वाटला.

"छान आलेत," त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून वहिनींचं देवापुढे बसणं अवघड झालं. हात जोडले जायचे, पण पुढे काही सुचायचं नाही. सांगितलं तर हा माणूस कॅमेरा उचलून माळ्यावर टाकेल आणि पुन्हा पाहुण्यासारखा घरात बसेल, परतीच्या गाडीची वाट बघत. या वेळी गाडी यायचीच नाही. नाही सांगितलं, तर रविवारी भिंतीवर लाकडाचं बदक लागेल, शेपटीवर नंबरासकट. राखणदार पहिला ओळखेल. दोरी त्यानेच बांधलेली. आणि बघायला आलेली माणसं काय, माणसं हसतातच.

बुधवारी लेकीचा फोन आला. वहिनींनी तिला सांगितलं, फोटोवाले अंघोळीला गेलेत एवढं बघून, आवाज खाली घेऊन.

"मागच्या वर्षीचा एखादा दे ना, आई," लेक म्हणाली. "न लावलेला. बदक ते बदक. कुणाला कळणार आहे?"

"मला."

"तू गप्प बसलीस की झालं."

"गप्पच आहे गं, पाच दिवस. गप्प बसायला एवढे कष्ट पडतात हे माहीत नव्हतं."

"बाबांसाठीच करतेयस ना."

"तसंच म्हणतेय मनाशी," वहिनी म्हणाल्या.

गुरुवारी त्यांनी मागच्या हिवाळ्यातला एक फोटो शोधून काढला. एकच तलवार बदक, पंख पसरून आळस देणारं. तो पेन ड्राइव्हवर घातला आणि पेन ड्राइव्ह कोटाच्या खिशात. शनिवारी परत येताना छापायला टाकायचा, रविवारी लावायचा. फोटोवाल्यांना जवळून दिसणार नाही आणि लांबून कळणार नाही. हे ठरवताना आपला हात किती सराईतपणे चालतोय हे बघून त्यांना भीती वाटली.

शनिवारी नेहमीप्रमाणे अंधारात दोघं लपणात शिरले. फोटोवाल्यांनी कॅमेरा लावला. आता वहिनींना त्यांच्या हातांची गंमत दिसत होती. डोळे कुठेतरी फळीकडे, आणि बोटं मात्र न चुकता जिथल्या तिथे. बाहेर पाण्यावर कुठेतरी बदकांची कुजबुज चालली होती. अजून फटफटलं नव्हतं.

"तू निवडलेला फोटो कसा आहे, सांग ना जरा," फोटोवाले हळू आवाजात म्हणाले. "नीट सांग. डोळे मिटून ऐकतो."

आणि त्यांनी खरंच डोळे मिटले.

वहिनींनी तोंड उघडलं. पंख पसरलेलं बदक त्यांच्या जिभेवर तयार होतं. खिशात हात होता, हातात पेन ड्राइव्ह. समोर मिटलेल्या डोळ्यांचा तो माणूस भिंतीला पाठ टेकून बसला होता, त्यांच्या शब्दावर सगळा भार टाकून. साडेचारला जायचं असेल तर साडेचारला म्हणणारा.

"त्याच्या शेपटीवर," वहिनी म्हणाल्या, "नऊचा आकडा आहे."

मग फोटोवाल्यांनी डोळे उघडले, पण ते कशाकडे बघत होते सांगता आलं नसतं.

"पाचही?"

"पाचही."

"तासभर."

"चारशे बारा फोटो."

"तुला कधीपासून माहितीये?"

"त्याच दिवशी दिसलं. आज आठ दिवस झाले."

"तरीच," फोटोवाले म्हणाले. "आठ दिवस घरात एवढी गोड वागत होतीस. मला वाटलं, मला काहीतरी मोठं दुखणं झालंय आणि ते डॉक्टरने फक्त तुला सांगितलंय."

वहिनींना हसू आलं नाही. फोटोवाल्यांनाही आलं नव्हतं. त्यांनी कॅमेऱ्याच्या पिशवीचा आतला कप्पा उघडला आणि चार घड्या घातलेला एक कागद काढून वहिनींच्या हातात दिला. अंधारात वाचता येत नव्हता. तसाच धरून त्या बसल्या.

"डावा डोळा दोन वर्षांपूर्वी गेला. उजवा या उन्हाळ्यापासून चाललाय. डॉक्टरीण म्हणाली, मधलं दिसणार नाही, कडेचं राहील. म्हणजे असं, की ज्याच्याकडे बघावं नेमकं तेवढंच दिसत नाही. आजूबाजूचं सगळं दिसतं. तुझ्याकडे बघितलं की तुझ्या मागची भिंत दिसते."

"म्हणून कानाकडे बघता."

"कानाकडे बघितलं की चेहरा दिसतो. थोडासा."

वहिनींनी कागदाची आणखी एक घडी घातली. "आणि हे मला सांगितलं नाहीत."

"तू पण नाही सांगितलंस."

"माझे आठ दिवस. तुमची दोन वर्षं."

"हो," फोटोवाले म्हणाले. "ते बरोबर आहे."

खिडकीतून करडा उजेड आत यायला लागला होता. वहिनींची निघायची वेळ झाली होती. सवयीने त्या उठायला गेल्या, तर फोटोवाल्यांनी त्यांचा दंड धरला.

"तू बस. मी जातो."

"तुम्ही? एकटे? अहो, बांधाच्या दोन्ही बाजूंना पाणी आहे."

"कडा दिसतात म्हटलं ना मला. बांधाला कडांशिवाय असतं काय?"

"आणि मी इथे काय करू?"

"बटण दाबायचं. बाकी सगळं तो करतो." त्यांनी कॅमेऱ्याचा पट्टा वहिनींच्या गळ्यात घातला. पट्ट्याखाली कोटाची कॉलर मुडपली होती. ती त्यांनी चाचपून सरळ केली. "दोघं आत आलोय. एकाने जायलाच हवं, नाहीतर बदकं येणार नाहीत."

ते दाराशी वाकले आणि बाहेर पडले.

वहिनी मधल्या खिडकीशी बसल्या. बांध पाण्याकाठाने वळण घेऊन जायचा, त्यामुळे खिडकीतून पाणीही दिसत होतं आणि पाण्यापलीकडे बांधही. थोड्या वेळाने त्यावर फोटोवाल्यांची पाठ दिसली. ते मान जराशी तिरकी धरून चालत होते, कुणाचं तरी बोलणं एका कानाने ऐकत असल्यासारखे. वहिनींनी मनातल्या मनात प्रार्थनेचा पहिला शब्द म्हटला. प्रार्थना संपली की माणूस पायरीवर पोचतो, एवढं त्यांना बांधाबद्दल पक्कं माहीत होतं.

आठ दिवसांत पहिल्यांदा शब्द अडखळले नाहीत.

प्रार्थनेच्या अर्ध्यावर आल्या असतील, तेव्हा डोक्यावरून कापड फाटल्यासारखा आवाज गेला आणि समोर पाणी उसळलं. एक, मग तीन, मग मोजायचं राहूनच गेलं. वहिनींनी श्वास रोखला. हातभर अंतरावर असल्यासारखी ती बदकं पंख मिटत होती, पाणी झटकत होती, एकमेकांवर कुरकुरत होती. एकाने मान बुडवली आणि सगळं अंग उभं करून शेपटी आकाशाकडे केली. शेपटीचं ते टोक काळं, बारीक, ओलं. सुईचं नव्हतं. मानेवरची पांढरी रेघ त्यांनी काढली होती त्याहून कितीतरी बारीक होती आणि मध्ये कुठेही जाड झाली नव्हती. आपण बारा वर्षं ज्यांना पाठ दाखवत आलो ती ही, असं वहिनींच्या मनात आलं.

प्रार्थनेचा शेवटचा शब्द आला. त्यांनी वर बघितलं. फोटोवाले पायरीवर पोचले नव्हते. अजून अर्ध्या बांधावरच होते, कारण पाय जपून टाकत होते. वहिनींच्या ते लक्षातच आलं नव्हतं, की ही प्रार्थना त्यांच्या पावलांच्या मापाची आहे, नवऱ्याच्या नाही. आता म्हणायला काही उरलं नव्हतं, आणि तो माणूस दोन पाण्यांच्या मध्ये होता. उठून धावावं असं त्यांच्या पायांत आलं. धावल्या असत्या तर बदकं उडाली असती. तरी त्या धावल्या असत्या.

तेवढ्यात फोटोवाले थांबले. ज्यांनी न थांबण्याचा नियम केला, तेच बांधाच्या मधोमध थांबले, आणि सावकाश मागे वळून लपणाकडे बघत उभे राहिले.

सगळ्या बदकांनी एकदम माना वर केल्या.

वहिनींनी बटण दाबलं.

बदकं उडाली नाहीत. क्षणभर माना ताठ राहिल्या, मग एक खाली गेली, मग बाकीच्या. बांधावरचा माणूस पुन्हा वळला आणि चालू लागला. वहिनींनी प्रार्थना पहिल्यापासून धरली. दुसऱ्यांदा संपायच्या आत ते पायरीवर पोचले, आणि दारातून बाहेर आलेल्या राखणदाराने त्यांना आत घेतलं.

दहा वाजता राखणदार फोटोवाल्यांना घेऊन लपणापाशी आला. वहिनी बाहेर आल्या तेव्हा त्यांचे पाय बधिर झाले होते.

"मागे वळून का बघितलंत?" त्यांनी आधी तेच विचारलं. "नियम तुमचाच ना?"

"तू दिसतेस का बघत होतो."

"दिसले?"

"लपण दिसलं नाही. त्याच्या भोवतीचं सगळं दिसलं." मग फोटोवाले म्हणाले, "बारा वर्षं तू न बघता कशी गेलीस गं?"

वहिनींना सांगता आलं असतं. पण राखणदार उभा होता.

घरी आल्यावर त्यांनी तो एकुलता एक फोटो उघडला, आणि फोटोवाल्यांना सांगितलं, जसा होता तसा. तिरका आलाय, डावीकडे उतरता. एक बदक कडेला अर्धं कापलं गेलंय. पाणी ठीक. सगळ्यांच्या माना वर. आणि मागे बांधावर तुम्ही, वळलेले, अंगठ्याच्या नखाएवढे. फोटोवाल्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "छापायला टाक." ते चारशे बारा फोटो पुसायचे का, असं वहिनींनी विचारलं. "एक ठेव," ते म्हणाले. "काम चांगलं आहे आपलं. मीसुद्धा फसलो."

पेन ड्राइव्हवरचं पंख पसरलेलं बदक वहिनींनी काढून टाकलं आणि त्यावर नवा फोटो घातला. त्या संध्याकाळी देवापुढे त्या जरा जास्त वेळ बसल्या. सांगण्यासारखं बरंच साठलं होतं.

रविवारी माहिती कक्षात राखणदाराने बारावी चौकट लावली, मागे सरकून बघितली, पुढे जाऊन सरळ केली, पुन्हा मागे सरकला.

"फोटो वाकडा आहे की चौकट?"

"फोटो," वहिनी म्हणाल्या. "माझा आहे."

राखणदाराने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. फोटोवाले चौकटीच्या शेजारच्या मोकळ्या भिंतीकडे टक लावून उभे होते. फोटो त्यांना असाच दिसायचा. राखणदाराला काय समजायचं ते समजलं असावं, कारण त्याने पुढे काही विचारलं नाही. चौकटीखाली लावायच्या पट्टीवर लिहायला त्याने खिशातून पेन काढलं आणि बदकं मोजली.

"तलवार बदक, अकरा. कापलेलं धरून. आणि बांधावर एक माणूस. तो लिहू का, दादा?"

"बदकांनी त्याला मोजलं नाही," फोटोवाले भिंतीकडे बघत म्हणाले. "तू कशाला मोजतोस?"

बदकं जायला अजून आठ-दहा दिवस होते. सोमवारी साडेचारला वहिनी कॅमेऱ्याची पिशवी घेऊन बाहेरच्या खोलीत आल्या, तर फोटोवाले कोट घालून दारात उभे होते.